कानाचं मशीन

शिट्टी स्वयंपाकघरात वाजली
आणि मी चालू लागले होते,
अनवाणी, अर्धवट झोपेत,
चौदा नंबरच्या खाटेकडे.

हे नेहमीचंच.
केटलीनं सूर धरला की कुणाचं तरी सलाइन संपलेलं असतं.
शेजाऱ्यांचा टोस्टर टिंग म्हणाला
की कुणाचा तरी प्राणवायू घसरलेला असतो.
मागच्या जूनमध्ये एलाडिओनं घरातलं गजराचं घड्याळच काढून टाकलं.
आता तो मला पायाच्या अंगठ्याला हात लावून उठवतो.

पण ही शिट्टी खरी होती.
खुर्चीवर फेकलेल्या युनिफॉर्मच्या खिशातून येत होती.
आत तीन पेनं, एकाचं टोपण हरवलेलं,
चिकटपट्टीचं रीळ, अर्धं बिस्किट,
आणि शेंगदाण्याएवढं, मळकट गुलाबी,
रोसामेल ओयार्सोंच्या उजव्या कानातलं मशीन.
डावा कान कोळशाच्या खाणीत केव्हाच गेला होता.

सव्वाअकराला त्यांचं तोंड पुसताना काढलं,
ओल्या फडक्याचं पाणी जाऊ नये म्हणून.
लगेच घालणार होते परत.
तेवढ्यात बावीस नंबरनं सुई उपटली.
तेवढ्यात खालून दोन पेशंट वर आले, स्ट्रेचर एकच.
तेवढ्यात नेवेन्का म्हणाली, आज आपण तिघीच,
चौथी रजेवर,
कारणाच्या रकान्यात नुसता एक आकडा.
तेवढ्यात.
माझी सगळी रात्र या एका शब्दावर उभी असते.

चार वेळा त्यांच्या उशाशी गेले.
चारही वेळा म्हणाले, "दोन मिनिटांत आले."
ते हसले, मान हलवली.
मला वाटलं, किती समजूतदार म्हातारा.

चार वाजून दहा मिनिटांनी ते गेले.
वस्तूंच्या यादीत मी सुवाच्य अक्षरात लिहिलं:
घड्याळ एक. लोकरीची टोपी एक. बूट, जोड एक.
यास्ना, त्यांची मुलगी, सही करायला नव्हती.
ती सामुद्रधुनीच्या पलीकडे, पोर्वेनीरच्या धक्क्यावर बसली होती.
वाऱ्यामुळे फेरीबोट बंद.
फोनवर तिनं एवढंच विचारलं,
"शेवटी कुणी बोललं ना त्यांच्याशी?"
म्हणाले, हो. मीच.

खोटं नाही बोलले.
बोलत होतेच मी. खिशाशी.

मागच्या महिन्यात सँतियागोहून एक बाई आल्या होत्या,
प्रोजेक्टर घेऊन, ताण कसा हाताळावा ते शिकवायला.
पोटातून श्वास घ्या, म्हणाल्या, मनात चार आकडे मोजा.
तिसऱ्या आकड्याला वॉर्डातून बोलावणं आलं.
चौथा अजून मोजायचा आहे.

तळहातावर घेऊन बघते.
यानं आख्खी रात्र ऐकली.
माझ्या चपलांची फरफर, किल्ल्या,
रक्तपेढीच्या फोनमधलं थांबा-थांबा म्हणणारं संगीत,
एका मुलाच्या बापाचं ओरडणं, आणि माझं "बरोबर आहे तुमचं."
चादरींच्या खोलीत दार लोटून
जो आवाज मी काढला, रडणं नव्हे ते,
खोकला आणि हुंदका यांच्या मधलं काहीतरी,
सव्वा मिनिट, घड्याळाकडे बघत,
तेही.
इतकं सलग माझं कुणी ऐकून घेतल्याला
किती वर्षं झाली.

"आत्ताच तर आलीस," एलाडिओ म्हणाला.
पावाला लोणी लावून ठेवलं होतं त्यानं.
मी कोट चढवला.

बाहेर पुंता अरेनासचा वारा,
माणसांनी धरून चालावं म्हणून
कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधावे लागतात असा.
एका हातानं दोर धरला.
दुसरा खिशात, मूठ मिटलेली.
मुठीत ते पुन्हा शिट्टी घालू लागलं.

एक बारीक झाकण असतं, उघडलं की गप्प होतं.
मला माहीत आहे.
उघडलं नाही.

यादीत एक ओळ वाढवायची आहे.
यास्नाला काय सांगायचं,
ते दोर संपला तरी सुचलेलं नव्हतं.